हुशारीचे रशियन प्रतिशब्द

इंग्रजी ‘इंजेन्युइटी’ आणि ‘क्लेव्हरनेस’ या शब्दांना रशियनमध्ये प्रतिशब्द भरपूर आहेत. अडचण आहे ती त्यांतून निवड करण्याची. चुकीचा शब्द पडला की कारागिराचा लबाड होतो.

‘इझोब्रेतातेल्नोस्त’ म्हणजे नवे काही घडवणारी कल्पकता. ‘नाखोदचिवोस्त’ हा शब्द ‘सापडणे’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे. ऐनवेळी वाट किंवा उत्तर सापडणे, म्हणजेच आपले प्रसंगावधान. सोव्हिएत दूरचित्रवाणीवर 1961मध्ये सुरू झालेल्या ‘कावेएन’ या कार्यक्रमाचे पूर्ण नाव ‘आनंदी आणि नाखोदचिवी लोकांचा क्लब’ असे आहे. तिथे ‘कल्पक’ हा अर्थ चालणार नाही. हवा तो ‘हजरजबाबी’. ‘ओस्त्रोउमिये’ म्हणजे शब्दशः धारदार बुद्धी. आपली कुशाग्र बुद्धीही दर्भाच्या टोकाचीच! मात्र रशियनमध्ये विनोदी बोलणे आणि यंत्रातली नामी युक्ती, दोन्हींना हे विशेषण लागते.

‘खीत्रोस्त’ हा सर्वांत फसवा शब्द. जुन्या रशियनमध्ये त्याचा अर्थ कौशल्य, कारागिरी असा होता. आज तो धूर्तपणा झाला आहे. इंग्रजी ‘कनिंग’चा प्रवासही असाच झाला. हुशारीकडे संशयाने पाहण्याची खोड सगळ्याच भाषांना आहे. इंग्रज ज्याला ‘अर्ध्याने जास्त हुशार’ म्हणतो, तो आपला दीडशहाणा आणि रशियनांचा ‘उम्निक’.

उरते ‘स्मेकाल्का’: शाळेबाहेरची, व्यवहारातली अक्कल. कोर्देम्स्कींच्या 1954च्या कोड्यांच्या पुस्तकाचे नाव ‘गणिती स्मेकाल्का’. 1972मध्ये मार्टिन गार्डनर यांनी संपादित केलेली इंग्रजी आवृत्ती आली ती ‘द मॉस्को पझल्स’ या नावाने. कोडी राहिली, स्मेकाल्का गळाली.

या शब्दामागचा अभिमान आणि दुखरी जागा दोन्ही लेस्कोव्हच्या 1881च्या ‘लेफ्शा’ या कथेत दिसतात. तूला गावचे कारागीर इंग्रजांनी बनवलेल्या पोलादी पिसवेला नाल ठोकतात. कसब अचाट, पण नालांच्या वजनाने पिसू नाचेनाशी होते. त्यांना अंकगणित येत नव्हते, हे इंग्रज डावखुऱ्या लेफ्शाच्या लक्षात आणून देतात. इंग्रजांकडे हिशेबाची कल्पकता, लेफ्शाकडे हाताची स्मेकाल्का. दोन्हींसाठी एकच शब्द वापरणारा भाषांतरकार कथेतला झगडाच पुसून टाकील.

म्हणून माझा साधा नियम आहे: शब्दकोश उघडण्याआधी विचारावे, ही हुशारी कुणाची, आणि बोलणारा तिच्याकडे कौतुकाने पाहतो आहे की संशयाने?