गेमिंग पीसी जुळवताना (भाग ४) : आधी सॉकेट, मग बोर्ड

मागच्या आठवड्यात ग्राफिक्स कार्डाचा हिशेब झाला, आता मदरबोर्ड. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात कुठल्याही दुकानात कोटेशन मागा. बजेट बसेना की पहिली कात्री बोर्डाला लागते आणि हौस वाढली की पहिली उधळपट्टीही बोर्डावरच होते. दोन्ही घातक. बोर्ड स्वतः गेम पळवत नाही. प्रोसेसर तोच, कार्ड तेच, फक्त दहा हजारांच्या जागी चाळीस हजारांचा बोर्ड लावला, तर वाढलेल्या फ्रेम शोधाव्या लागतील. त्यावरचे रंगीत दिवे मात्र लगेच दिसतात. बोर्डाचं खरं काम वेगळं आहे. तुमच्या पेटीत आज काय बसेल आणि तीन-चार वर्षांनी काय बसवता येईल, हे तो ठरवतो.

म्हणून पहिला प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा नाही, सॉकेटचा. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचा झेड२७० चिपसेट आला. सॉकेट होतं एलजीए ११५१. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेटचं नाव तेच, पिना तेवढ्याच, पण झेड२७० वर ते चालेनात. झेड३७० घेणं भाग पडलं. नऊ महिन्यांत महागातला बोर्ड म्हातारा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीचे रायझन एएम४ सॉकेटवर आले होते. २०१८ मध्ये ज्याने बी४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० घेतला, त्याला २०२२ मध्ये बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. गेमसाठी तेव्हा बाजारात जे सर्वांत वेगवान प्रोसेसर होते, त्यांतला हा एक.

यात एएमडीचं औदार्य फार शोधू नये. मे २०२० मध्ये कंपनीने ४०० मालिकेच्या बोर्डांना पुढची पिढी मिळणार नाही असंच सांगितलं होतं. ग्राहकांनी आरडाओरडा केला तेव्हा निर्णय फिरला. शिवाय एका बोर्डावर इतक्या पिढ्या सांभाळायच्या म्हणजे बायोसच्या चिपमध्ये जागा हवी. अनेक जुन्या बोर्डांवर ती १६ एमबीचीच होती. एमएसआयने २०१९ मध्ये ३२ एमबीची चिप घालून तेच बोर्ड ‘मॅक्स’ नावाने पुन्हा काढले, ते यासाठीच.

आज नव्याने जुळवणाऱ्यापुढे तीन सॉकेट येतात. इंटेलचं एलजीए १७०० २०२१ चं. बारावी, तेरावी, चौदावी पिढी त्यावर झाली आणि त्याचा प्रवास संपला. एलजीए १८५१ २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आलं. एएमडीचं एएम५ २०२२ चं, आणि २०२७ व त्यापुढेही ते चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलेलं आहे. माझं मत सरळ आहे : फक्त गेमसाठी पीसी घेताय, तर एएम५ घ्या. एलजीए १७०० स्वस्तात मिळत असेल आणि पुढे प्रोसेसर बदलायचाच नसेल, तरच. घरात डीडीआर४ रॅम पडून असेल तर मात्र एएम४ अजूनही मोडीत निघालेलं नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून तर हा मार्ग जास्तच शहाणपणाचा वाटतो.

रॅमवर जरा थांबू या, कारण गफलती इथे जास्त होतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकना २८८ पिना असतात आणि लांबीही सारखीच. फरक खालच्या खाचेत : ती किंचित वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक स्लॉटमध्ये बसतच नाही. बसत नाही म्हणून अंगठ्याचा जोर लावणारे असतात, स्लॉट फुटतो. एएम५ आणि एलजीए १८५१ ला डीडीआर५च लागते, पण एलजीए १७०० वर बी७६० चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात आणि नावात उगाच एखाद्या अक्षराचा फरक असतो. खोक्यावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

बोर्डावर चार स्लॉट दिसले म्हणून चार स्टिक भरायच्या नसतात. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिक असताना ५२००, आणि चार असताना थेट ३६००. तेव्हा १६ जीबीच्या दोन घ्या. ८ च्या चार नकोत. त्या सहसा प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. ६००० ची रॅम आणली तरी बोर्ड ती सुरुवातीला बहुधा ४८०० वरच चालवतो; बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी सुरू करावं लागतं. पैसे मोजून वर्षभर हे बटण न दाबणारे बरेच असतात.

आता चिपसेट. इंटेलमध्ये के अक्षराचा प्रोसेसर नसेल तर झेड मालिकेचा बोर्ड म्हणजे पैशांची नासाडी. एएमडीत बी६५० किंवा बी८५० बहुतेकांना पुरून उरतो. ओव्हरक्लॉकिंग त्यावरही होतं. दुसऱ्या टोकाला, एच६१० सारख्या स्वस्त बोर्डावर सहा कोअरचा साधा प्रोसेसर निमूट चालेल, पण कोअर आय९ १४९००के बसवलात तर तो २५३ वॅटपर्यंत वीज ओढायला बघतो. बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तापतो, आणि महागडा प्रोसेसर वेग कमी करून दिवस काढतो.

ग्राफिक्स कार्ड कुठल्याही बोर्डात ‘बसतं’, हे खरं. पण जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी आठवा. कार्डाचा कनेक्टर लांबलचक दिसतो, वापरतं मात्र चारच लेन. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर त्याचं भागतं. बी४५० सारख्या ३.० च्या बोर्डावर रस्ता निम्मा होतो, कार्डावर मेमरी चारच जीबी, आणि गेम अडखळू लागतो. म्हणजे स्वस्त कार्ड नेमकं जुन्या बोर्डवाल्यालाच महागात पडलं. प्रोसेसरही यात खो घालतो : रायझन ५ ५५०० ला पीसीआयई ३.०च येतं, बोर्ड बी५५० असला तरी.

आकाराचं फारसं अवघड नाही. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. बहुतेकांना मायक्रो एटीएक्स पुरतो. एम.२ स्लॉट दोन असावेत. मात्र दुसरा भरला की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, ते मॅन्युअलमध्ये बघा.

बरं, सगळं जुळवलं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि डिस्प्ले आलाच नाही तर? आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. प्रोसेसरच्या नावात एफ असेल तर त्याला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये लावलेली केबल काळाच पडदा दाखवणार. केबल कार्डालाच लावायची. तरीही काही दिसेना तर संशय बायोसवर. बी६५० बोर्ड रायझन ९००० च्या आधीचे आहेत. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालात नव्या प्रोसेसरची ओळखच नसते.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच मोबाइलवर बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरची यादी उघडा आणि तुमच्या प्रोसेसरसमोर कुठली बायोस आवृत्ती लिहिली आहे ते बघा. बोर्डात त्याहून जुनी असेल तर दुकानदाराकडून तिथेच अपडेट करून घ्या, किंवा मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मागा. पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायही काम होतं. आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण खोक्याबरोबर फेकू नका. वॉरंटीत बोर्ड परत द्यायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरवाले ते मागतात, आणि वाकलेली पिन दिसली की वॉरंटी बहुधा नाकारतात.