केडगावचा छापखाना आणि पंडिता रमाबाई

पुणे-दौंड गाडीत केडगाव आलं की शेजारच्याला मी पंडिता रमाबाईंबद्दल सांगतोच. (घरचे वैतागतात.)

आईवडिलांसोबत पुराण सांगत पायी देश हिंडलेल्या या बाई. दोघंही दुष्काळात गेले. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी छोटी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळातल्या निराधार मुलींना केडगावी आसरा दिला.

मला थक्क करतो तो तिथला छापखाना. बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, आणि खिळे जुळवले तिथल्याच बायकांनी!

मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई १९२२ मध्ये.