शर्यत संपलेला घोडा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरचा घोडा निवृत्त झाला असे ऐकले, की पाय ओढत चालणारे म्हातारे जनावर डोळ्यांपुढे येते. पहिला गैरसमज तो हाच. थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा असतानाच धावू लागतो, इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते आणि बहुतेकांची कारकीर्द सहा-सात वर्षांच्या आत आटोपते. नीट सांभाळला तर हा घोडा पंचवीस वर्षे जगतो. म्हणजे निवृत्त होतो तेव्हा तो ऐन तारुण्यात असतो आणि पुढच्या वर्षांची तरतूद तो धावत असतानाच मालकाने करायला हवी.

जिंकणारे घोडे पैदाशीला जातात, त्यांची काय काळजी, असेही म्हटले जाते. पण बरेच घोडे खच्ची केलेले असतात, आणि एक नर अनेक माद्यांना पुरत असल्यामुळे पैदाशीला नर लागतात ते अगदी मोजके. त्यात निवड झाली तरी ती कायमची नसते. 1986 ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला गेला आणि मागणी संपल्यावर 2002 मध्ये कत्तलखान्यात पोहोचला. या बातमीने अमेरिका हादरली. ब्रिटनच्या रेसिंग क्षेत्राने निवृत्त घोड्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी 2000 मध्येच संस्था उभी केली होती. अमेरिकेत तिथल्या रेसिंग उद्योगाच्या पैशावर चालणारी यंत्रणा 2012 मध्ये आली.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे रेसचा घोडा माथेफिरू असतो, हा. दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात बंद, खुराकात भरपूर दाणा आणि बाहेर काढले की धावायचे, असे ज्याचे आयुष्य गेले तो तापटच वाटणार. नवखा स्वार घाबरून लगाम खेचतो. पण ताणलेल्या लगामावर भार टाकून धावायचे, हेच या घोड्याला शिकवलेले असते, त्यामुळे तो आणखी पळतो. दोष त्याच्या स्वभावाचा नाही, शिकवणीचा आहे. म्हणून आधी काही आठवडे, कधी काही महिने, त्याला उसंत द्यावी लागते: दाणा हळूहळू कमी, चारा जास्त, मोकळे फिरणे, इतर घोड्यांची सोबत. मग नवे धडे. स्वार चढेपर्यंत उभे राहणे, स्वाराच्या पायाचा इशारा ओळखणे, दोन्ही हातांना सारखे वळणे, संथ दुडकीत चालणे. अमेरिकेची टच ऑफ क्लास ही घोडी शर्यतीत एकदाही जिंकली नव्हती. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके मिळवून दिली. आपल्याकडेही रायडिंग स्कूलमध्ये आणि पोलोच्या मैदानावर रेसमधून आलेले घोडे काम करतात.

पाय दुखावलेला घोडा निकामी, हेही सरसकट खरे नाही. टेंडनची दुखापत भरायला नऊ महिने ते वर्ष लागू शकते आणि नंतर भरधाव धावणे कदाचित जमत नाही, पण साध्या सवारीला असे कितीतरी घोडे उत्तम चालतात. निर्णय मात्र पशुवैद्यकानेच द्यायचा.

राहिला फार्महाऊसवर सोडून देण्याचा विचार. तो प्रेमापोटी असला तरी घातक आहे. तबेल्यात वाढलेला, पातळ कातडीचा हा घोडा पावसाळ्यात उघड्यावर, एकटा टिकत नाही. त्याला रोज आठ-दहा किलो सुका चारा लागतो, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दातांची तपासणी, धनुर्वाताची लस. घोडा फुकट मिळेल, सांभाळणे फुकट नाही. हा खर्च न झेपल्यामुळेच घोडे हातोहात विकले जातात आणि वरातीत किंवा गाडीला जुंपले जातात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यामागेही घोड्यांचे हालच होते.

तुम्ही असा घोडा घेणार असाल, तर आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, त्याचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळते का पाहा आणि एक अट लेखी ठेवा: उद्या सांभाळणे जमले नाही, तर तो बाजारात जाणार नाही, ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडेच परत जाईल.