क्षेत्रकार्यासाठी जुनी डिझेल कॅराव्हॅन : खरेदीपूर्व परीक्षा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक कॅसिडी यांच्या संपादकत्वाखाली प्रादेशिक इंग्रजीचा जो बृहत्कोश सिद्ध झाला, त्याचे क्षेत्रकार्य १९६५ ते १९७० या काळात झाले. त्यासाठी १,००२ वस्त्यांची निवड करण्यात आली होती. या कामावर निघालेल्या संशोधकांना राहण्याची सोय असलेल्या गाड्या देण्यात आल्या. या गाड्यांना त्यांच्यात 'शब्दगाडी' अशा अर्थाचे नाव पडले. अशा गाडीचा लाभ उघड आहे. संशोधकाचा भार गावावर पडत नाही, ध्वनिमुद्रणाची साधने सुरक्षित राहतात, आणि निवेदक ज्या वेळी मोकळा असेल त्या वेळी संशोधक तेथे हजर असतो.

बोलींच्या सर्वेक्षणासाठी अशी गाडी घ्यावयाची झाल्यास नवी गाडी बहुधा विभागाच्या आवाक्याबाहेरची असते. हाती येते ती जुनी, आणि प्रायः डिझेलवर चालणारी. अनुदानाची रक्कम एकदाच मिळते. ती चुकीच्या गाडीवर खर्ची पडली, तर गाडीबरोबर सर्वेक्षणही बंद पडते. आणि ब्रेक किंवा गॅसची नळी सदोष निघाली, तर प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही, कारण गाडीत विद्यार्थी झोपलेले असतात. म्हणून खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रथम संज्ञेविषयी. ब्रिटनमध्ये 'कॅराव्हॅन' म्हणजे मोटारीमागे ओढावयाचे घर. स्वतःचे इंजिन असलेल्या गाडीस तेथे 'मोटरहोम' म्हणतात. आपल्याकडे कॅराव्हॅन हा शब्द दोहोंस लावला जातो. शब्द मूळचा फारसी 'कारवान'. 'व्हॅन' हे त्याचेच तोडलेले रूप होय. प्रस्तुत लेखात दुसरा प्रकार अभिप्रेत आहे.

१. साक्ष आणि पुरावा

निवेदकास सूचक प्रश्न विचारू नये, हा क्षेत्रकार्याचा पहिला नियम. गाडी विकणाऱ्याच्या बाबतीतही तो तितकाच लागू पडतो. "इंजिन चांगले आहे ना?" या प्रश्नास होकाराखेरीज उत्तर संभवत नाही. त्याऐवजी "टायमिंग बेल्ट कधी बदलला, आणि त्याची पावती आहे काय?" असे विचारावे. विक्रेता असत्यच बोलतो असे नव्हे. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. किलोमीटरचा आकडा हीदेखील एक साक्षच आहे, पुरावा नव्हे. दुरुस्तीच्या पावत्यांवर तारखेसह नोंदलेले आकडे क्रमाने वाढत गेलेले दिसले, तरच त्या आकड्यास वजन येते. चालकाच्या पायाखालच्या पेडलांचे रबर गुळगुळीत झालेले असता मीटर अल्प प्रवास दाखवीत असेल, तर साक्ष संशयास्पद मानावी.

२. कागदपत्रे

गाडी पाहण्याआधी कागद पाहावेत. चासीवर कोरलेला क्रमांक आणि नोंदणी-पुस्तकातील क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. या १७ चिन्हांच्या क्रमांकात रोमन लिपीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे एक व शून्य या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून मुळीच वापरीत नाहीत. क्रमांकात यांपैकी एखादे अक्षर वाचले गेले, तर वाचण्यात चूक आहे किंवा क्रमांकच खोटा आहे.

आपल्याकडील अनेक कॅराव्हॅन प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर मागाहून बांधलेल्या असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आसनसंख्या, गाडीचा प्रकार आणि वजन यांची नोंद प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. नोंदीत बारा आसनांची प्रवासी गाडी आणि आत मात्र पलंग व शेगडी, अशी स्थिती असल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येण्याचा संभव असतो. गाडीवर बँकेचा बोजा आहे काय, हेही याच वेळी पाहावे.

परराज्यातील स्वस्त गाडीविषयी विशेष सावधगिरी हवी. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१५ मधील आदेशापासून दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांचा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला, आणि तेथील पुष्कळ जुन्या गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची असल्यास तेथे नवी नोंदणी व कर ओघानेच आला. किंमत ठरविताना हा खर्च मिळवूनच तुलना करावी.

३. थंड इंजिन

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे १५ ते २२ पट दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि त्या तप्त हवेत नोझलमधून फवारलेले इंधन आपोआप पेटते. दाब कमी झाला की तापमान कमी पडते, आणि इंजिन सुरू होण्यास अडखळते. हा दोष थंड इंजिनातच स्पष्ट दिसतो. तापलेले इंजिन तो झाकून टाकते. यास्तव गाडी सकाळी पाहावी, आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट ऊन लागले, तर परीक्षा दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक : एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बो यांपैकी काहीतरी सदोष आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. पांढऱ्या धुराचे अर्थ मात्र दोन आहेत. तो न जळलेल्या इंधनाचा असेल, तर हीटर प्लग निकामी झाला असेल किंवा दाब कमी असेल. या दोहोंतील निर्णय दाबमापकानेच करावा. इंजिन पुरते तापल्यावरही तो दाट राहिला आणि कूलंट घटत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे असे समजावे.

इंजिन मंद चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून वाफेचे जोरदार झोत येत असतील, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. कारागीर यास 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. डिझेल इंजिनाचे तेल काळे असणे हा दोष नव्हे, ते लवकरच काळे होते. परंतु ते दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. कूलंटवर तेलाचा तवंग दिसणे हे हेड गॅस्केट गेल्याचे लक्षण होय. (कूलंटचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.)

कॅराव्हॅनचा एक विशेष दोष असा, की ती चालते थोडी आणि उभी राहते फार. टायमिंग बेल्टचे आयुष्य किलोमीटरांत आणि वर्षांत असे दोन्ही प्रकारे सांगितलेले असते. येथे वर्षे आधी संपतात. टाकीत साठलेल्या पाण्याच्या थरावर सूक्ष्मजीव वाढून इंधनाचा फिल्टर तुंबतो. एप्रिल २०२० पासूनच्या भारत टप्पा ६ च्या ज्या गाड्यांत काजळीचा गाळण-संच असतो, तो सतत लहान फेऱ्यांनी भरून जातो. म्हणून अल्प प्रवास हा नेहमीच गुण ठरत नाही.

४. रस्त्यावर

निदान अर्धा तास गाडी चालवावी, आणि शक्य तर एखादा घाट चढावा. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर शीतनव्यवस्था अपुरी आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे. ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढते काय, हे मोकळ्या रस्त्यावर पाहावे. नंतर गाडी उंचावर घेऊन खालचा सांगाडा तपासावा. समुद्रकिनाऱ्यावर राहिलेल्या गाडीत गंज येथेच दडलेला असतो.

५. घराचा भाग

इंजिन दुरुस्त होते. कुजलेले घर बहुधा परवडेल अशा खर्चात दुरुस्त होत नाही. पुष्कळ कॅराव्हॅनच्या भिंतींत लाकडी पट्ट्या व फेस असतो, आणि बाहेरून पत्रा किंवा फायबर. सांध्यातील चीक वाळला की पाणी आत शिरते, आणि बाहेरून काही दिसण्यापूर्वी लाकूड कुजते. छपरातील झरोके, खिडक्यांचे कोपरे व कपाटांचे तळ अंगठ्याने दाबून पाहावेत. मऊ लागल्यास ओल मुरली आहे. दार उघडताच येणारा कुबट वास, आणि एकाच कोपऱ्यातील ताजा रंग, ही दोन्ही लक्षणे सारखीच बोलकी आहेत. पावसाळ्यानंतर केलेली पाहणी सर्वांत विश्वसनीय.

६. वजन

गाडी वजनकाट्यावर नेऊन दोन्ही आसांचे वजन स्वतंत्रपणे घ्यावे. नोंदणीतील कमाल वजनातून हे वजन वजा केले असता माणसे, पाणी, पुस्तके व यंत्रे यांसाठी काय उरते ते कळते. शंभर लिटर पाण्याचेच वजन १०० किलो असते. मागे लोंबणारा भार तर आपल्या वजनाहून अधिक परिणाम करतो. दोन आसांतील अंतर ४ मीटर असून मागील आसाच्या २ मीटर मागे ६० किलोची पेटी टांगली, तर मागील आसावर ९० किलो वाढतात आणि पुढील आसावरचे ३० किलो कमी होतात. सुकाणूची पकड तेवढी सैल होते.

७. गॅस, वीज, टायर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यास तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवेच. ते एखाद्या मालकाने धूळ येते म्हणून बुजविलेले नाही ना, हे पाहावे. रबरी नळीवरील वर्ष वाचावे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो; त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत नसल्यास ते बसविल्यावाचून कोणासही आत झोपू देऊ नये.

घराची बॅटरी वेगळी असते. शिसे-आम्ल प्रकारची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भारून काही तास स्वस्थ ठेवली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली उतरलेली बॅटरी जवळजवळ रिकामी होय. टायरच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. '२३१७' म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी रबर वयाने फुटते. स्टेपनीचेही वर्ष पाहावे. ती बहुधा सर्वांत जुनी असते.

८. निर्णय

या परीक्षेतून दोषांचे दोन वर्ग पडतात. चासी-क्रमांकातील विसंगती, नोंदणीबाह्य बदल, तेलात पाणी, कुजलेला सांगाडा किंवा भिंती, आणि भारासाठी न उरलेले वजन : यांपैकी एकही आढळल्यास किंमत कितीही कमी असली तरी गाडी नाकारावी. टायर, बॅटरी, बेल्ट, क्लच, गॅसची नळी या झिजणाऱ्या वस्तू होत. त्यांचा खर्च लेखी काढून तो किंमतीतून वजा करावा. गाडी न घेणाऱ्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कारागिरास मोबदला देऊन त्याचे मत लेखी घ्यावे. आणि व्यवहार झाल्यावर हस्तांतरणाची सूचना तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास द्यावी. ती दिल्यावाचून गाडी क्षेत्रात नेऊ नये.