बाहेर पडण्याचे दार

एखाद्या पंथाचा परिचय करून घेताना आपण त्याचे तत्त्वज्ञान तपासतो, संस्थापकाचे चरित्र वाचतो, अनुयायांची संख्या विचारतो. परंतु जो मनुष्य त्या पंथातून बाहेर पडतो त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेतील सायंटॉलॉजी आणि पुण्यातील रजनीश आश्रम यांचा त्याग करणाऱ्यांनी लिहिलेली आत्मकथने या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. बौद्ध वाचकाला तर आणखी एक कारण आहे. सायंटॉलॉजीचे संस्थापक एल. रॉन हबर्ड यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिम ऑफ एशिया' या काव्यातून आपणच मैत्रेय बुद्ध असल्याचे सूचित केले. रजनीशांनी डिसेंबर १९८८ मध्ये पुण्यात, गौतम बुद्ध आपल्या देहात वास करीत असल्याचे घोषित केले आणि थोड्याच दिवसांत हा अतिथी निघून गेल्याचेही सांगून टाकले!

हबर्ड यांचे 'डायनेटिक्स' हे पुस्तक १९५० चे. त्यातून पुढे चर्च उभे राहिले. तेथील मुख्य साधना म्हणजे 'ऑडिटिंग'. साधक दोन्ही हातांत धातूचे डबे धरतो, त्यांना जोडलेल्या 'ई-मीटर' यंत्राचा काटा हलतो, आणि समोरच्या प्रश्नकर्त्यापुढे तो आपले अंतरंग उघडे करतो. त्याच्या कबुल्यांची नोंद ठेवली जाते. वरच्या पायऱ्यांची शिकवण गुप्त असते आणि तिच्यासाठी मोठे शुल्क मोजावे लागते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या 'सी ऑर्ग' या पूर्णवेळ सेवकांच्या संघटनेत प्रवेश करणारा शंभर कोटी वर्षांच्या सेवेचा करार करतो. एवढ्या मुदतीच्या कराराला बाहेर पडण्याचे कलम कोठून असणार?

माइक रिंडर हे ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये जन्मले. आईवडील सायंटॉलॉजीत असल्याने ते बालपणापासूनच त्या वातावरणात वाढले, अठराव्या वर्षी सी ऑर्गमध्ये गेले आणि पुढे संस्थेचे प्रवक्ते झाले. २००७ मध्ये त्यांनी संस्था सोडली, तेव्हा पत्नी, मुले, आई, भाऊ सर्वांनीच त्यांच्याशी संबंध तोडले. 'अ बिलियन इयर्स' हे त्यांचे आत्मकथन २०२२ मध्ये निघाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या परिभाषेत या संबंधविच्छेदाला 'डिस्कनेक्शन' म्हणतात. तो ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे, असे संस्था सांगते. बाहेर पडलेल्यांचा अनुभव निराळा आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हा शब्द फोडून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याला आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. गावकीची कामे नाकारणाऱ्याला दुकान बंद, गिरणी बंद, पाणवठा बंद, हे मराठवाड्याने सोसले आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले ते उगाच नव्हे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये संमत झाला व २०१७ मध्ये अमलात आला. परंतु रिंडर यांच्यासारख्याच्या बाबतीत बहिष्कार घालणारा गावचा पाटील नसतो. स्वतःची आई असते, आणि आपण मुलाच्या हितासाठीच हे करीत आहोत असे तिला वाटत असते. म्हणूनच असा बहिष्कार कायद्याच्या हाती सहज लागत नाही.

पुण्याचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९७४ मध्ये कोरेगाव पार्क येथे आश्रम सुरू झाला. ह्यू मिल्न हे स्कॉटिश गृहस्थ त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, मुंबईस आले होते. ते स्वामी शिवमूर्ती झाले व रजनीशांचे अंगरक्षक बनले. नवे नाव, भगवी वस्त्रे, गुरूचे छायाचित्र असलेली माळ, सारे मित्र आश्रमातलेच. १९८२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या वसाहतीतून ते बाहेर पडले तेव्हा हे सर्व एकदमच गळून पडले. काही काळ त्यांना मानसोपचार रुग्णालयाचा आश्रय घ्यावा लागला. १९८६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. दरम्यान १९८४ मध्ये त्याच वसाहतीतील काहींनी उपाहारगृहांतील अन्नात रोगजंतू मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडल्याचे उघडकीस आले होते. याउलट अभिनेते विनोद खन्ना ओरेगॉनला बागकाम करून परतले आणि १९८७ पासून पुन्हा चित्रपटांत दिसू लागले. बाहेर ज्याचे नाव व व्यवसाय शिल्लक असतो, त्याला परतणे सोपे जाते. ज्याने सर्वस्व आतच ठेवले, त्याची कसोटी लागते.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. विनयपिटकानुसार समजणाऱ्या एका व्यक्तीसमोर स्पष्ट शब्दांत शिक्षेचा त्याग केला की भिक्खू गृहस्थ होतो. दंड नाही, ऋण नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेतील चित्तहत्थ सहा वेळा चीवर सोडून घरी गेला आणि सातव्या प्रव्रज्येनंतर अर्हत झाला. लिच्छवी सुनक्खत्त संघ सोडून वैशालीच्या सभेत भगवंतांची निंदा करू लागला. सारिपुत्तांनी ही वार्ता सांगितली तेव्हा तथागत म्हणाले, की निंदा करण्याच्या भरात तो तथागताची स्तुतीच करीत आहे. आचार्याची झाकली मूठ आपल्याजवळ नाही, हे तर त्यांनी अखेरच्या दिवसांत आनंदाला सांगितलेच होते. निगंठांचा उपासक उपाली जेव्हा भगवंतांना शरण आला, तेव्हा पूर्वीच्या गुरूंना दान देणे थांबवू नकोस, असा उपदेश त्याला मिळाला. नव्या अनुयायाला जुनी नाती तोडण्यास न सांगणारा हा शास्ता आहे. बाबासाहेबांनी त्याला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले, त्याचा हाही एक अर्थ.

यावर कोणी छन्नाच्या ब्रह्मदंडाकडे बोट दाखवील. त्याच्याशी कोणी बोलू नये, असा दंड संघाने दिला होता हे खरे. पण छन्न संघ सोडून गेलेला नव्हता. तो संघातच राहून उद्दामपणे वागत होता, आणि दंड देणाऱ्यांनी त्याची शिकवण, त्याचे चीवर वा त्याचे आप्त काढून घेतले नाहीत. छन्न एकांतात राहून साधनेला लागला व अर्हत झाला. दंड मागे घेण्याची विनंती करण्यासाठी तो आनंदाकडे आला, तेव्हा आनंदाने उत्तर दिले की ज्या क्षणी तू अर्हत झालास त्याच क्षणी तो दंड संपला.