विहिरींचा ईस्टर

दक्षिण जर्मनीत न्यूरेंबर्ग, बाम्बेर्ग आणि बायरॉइट या तीन शहरांच्या मधोमध चुनखडकाचं एक पठार आहे. त्याला ‘फ्रेंकिशे श्वाइत्स’ म्हणतात. ईस्टर जवळ आला की इथल्या गावागावांतून विहिरी, झरे आणि पाण्याची कुंडं सजू लागतात. स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांची जाड तोरणं, त्यांची कमान किंवा मुकुट, आणि त्यावर ओवलेली शेकडो रंगीत अंडी. अशा सजवलेल्या विहिरीला ‘ओस्टरब्रुनेन’, म्हणजे ईस्टरची विहीर म्हणतात.

माझी मुलगी एर्लांगेनला नोकरी करते. तिच्याकडे गेले होते, तेव्हा नेमका ईस्टर आला. मी दुष्काळी माण तालुक्यातली. उभी हयात भूगोल शिकवण्यात गेली. पाण्यासाठी सण करणारी माणसं युरोपात आहेत, हे कळल्यावर घरात बसवेना. एर्लांगेनहून आगगाडीने फोर्शहाइम आणि तिथून छोट्या गाडीने एबरमानश्टाट. पुढे बसने, जमेल तिथे पायी, आम्ही दोघी गावं पाहत गेलो.

आधी सणाची तारीख सांगते, कारण तिचं गणित आपल्याला जवळचं आहे. वसंत संपाताला, म्हणजे चर्चच्या हिशेबाने २१ मार्चला, किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत असतो. ती पौर्णिमा पुष्कळदा आपली चैत्री पौर्णिमाच असते. इकडे मारुतीच्या देवळात जन्माचं कीर्तन, आणि त्याच चंद्रावरून तिकडे ईस्टरचा रविवार ठरलेला.

रविवारच्या आधीचा शुक्रवार हा येशूच्या मरणाचा दिवस. बव्हेरियात त्या दिवशी सार्वजनिक नाचगाण्याला कायद्यानेच बंदी असते. दुकानं बंद, रस्ते शांत. कॅथलिक गावांत गुरुवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या घंटा थांबतात आणि त्यांच्याऐवजी मुलं लाकडी खुळखुळे कर्रकर्र वाजवत गावभर फिरतात. शनिवारी दुकानं उघडतात. रविवार आणि सोमवार पुन्हा सुट्टी. पाहुण्याने दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवावी.

आता पाण्याकडे येते. हा खडक ज्युरासिक काळातला, चुनखडी आणि डोलोमाइटचा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, ते पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडक विरघळवत जातं. लाखो वर्षांत भेगा रुंदावल्या, पोटात गुहा झाल्या. पोटेनश्टाइनजवळची टॉयफेल्सह्यॉले ही त्यांतली प्रसिद्ध गुहा. त्यामुळे पठारावर पडलेला पाऊस जमिनीवर थांबतच नाही. तो थेट आत उतरतो आणि खाली दरीत झरे होऊन बाहेर येतो. दरीत विजेंट नदी वाहते आहे आणि वरचं गाव तहानलेलं, अशी इथली स्थिती होती. माणदेशात आमचा काळा पाषाण पाणी पटकन आत घेत नाही, ते वाहून जातं. मुळात पाऊसही तोकडा. कारण निराळं, पण हंडा घेऊन चढायची वाट तीच.

पठारावरच्या लोकांनी चिकणमातीचा थर देऊन लहान तळी बांधली. त्यांना ‘ह्यूल’ म्हणतात, आणि तो शब्द कितीतरी गावांच्या नावांत अजून टिकून आहे. त्यांत पावसाचं पाणी साठवायचं, तेच गुरांना, तेच आग लागली तर विझवायला. पिण्याचं पाणी दरीतून वर आणायचं, पाठीला बांधलेल्या लाकडी पिंपांतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नळयोजना येऊ लागल्या तेव्हा कुठे ही वणवण हळूहळू थांबली.

हिवाळा सरला की विहिरीत साचलेला पालापाचोळा आणि गाळ काढायचा, हे गावाचं जुनं सामाईक काम. सजावटीची प्रथा मात्र तितकी जुनी नाही. १९०९ साली आउफझेस गावात अशी विहीर सजवल्याची नोंद आहे, आणि पुढे ती गावोगाव पसरली. पाहायला येणाऱ्या पर्यटकांचाही तिला हातभार लागला. बीबरबाख या छोट्या गावाने २००१ साली ११,१०८ अंड्यांनी विहीर सजवून गिनेस बुकात नाव नोंदवलं. एवढी अंडी एका आठवड्यात जमत नाहीत. घरोघरी वर्षभर केक करताना अंड्याला दोन्ही टोकांना भोक पाडतात, फुंकून आतला बलक काढतात, कवच धुऊन वाळवतात. मग हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी रंगकाम चालतं.

अंडंच का, याचं उत्तर जुन्या उपासात आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या तर वसंतातच जास्त अंडी घालतात. ती घरात साठत, आणि सणाला रंगवून खाल्ली व वाटली जात. शेतकऱ्याकडून जमीनदाराला द्यायचा खंडही पुष्कळ ठिकाणी ईस्टरला अंड्यांच्या रूपात जायचा.

एका गावात विहिरीपाशी एक आजी सुटलेली तोरणं पुन्हा बांधत होत्या. मुलीने माझे प्रश्न त्यांना जर्मनमध्ये विचारले. त्यांच्या आईने लहानपणी पठारावर पाणी वाहिलेलं त्यांना ऐकून माहीत होतं. वाऱ्याने काही अंडी फुटली होती. आजी टोपलीतून नवी काढून लावत होत्या. मीही दोरा धरला. कवचावर बारीक निळी फुलं होती, तळहातावर वजन जाणवत नव्हतं. त्यांनी आवर्जून दाखवलं ते मात्र तोरण नव्हे. कुंडाचा तळ दाखवला: घासून स्वच्छ केलेला, प्रत्येक दगड दिसणारा. गावातल्या लोकांनी आधी दिवसभर तेच काम केलं होतं.

मला या सणात सगळ्यात मोलाचा वाटला तो हा क्रम. आज त्या घरांत चोवीस तास नळाला पाणी आहे. विहिरीवाचून कुणाचं अडत नाही. तरी दरवर्षी माणसं आधी तिचा गाळ काढतात आणि मग तिला मिरवतात. जिने जगवलं, तिची गरज संपल्यावरही तिची सेवा करणं, याला मी संस्कृती म्हणेन.

महाराष्ट्रात हे अगदीच परकं नाही. गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी महाशिवरात्रीला जुन्या बारवांत दिवे लावतात, आणि त्याआधी आठवडेच्या आठवडे झाडझुडूप व कचरा काढतात. पण टँकर आला की आड बुजवायचा, ही सवयही आपलीच आहे. नळ येऊनही विहीर कशी जपावी, हे त्या पठारावरून शिकण्यासारखं आहे.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझं सांगणं आहे: ईस्टरची सुट्टी मिळाली की मुलांना घेऊन इथे जा. सजावट ईस्टरनंतरही साधारण दोन आठवडे असते. फोटो जरूर काढा, पण मुलांना कुंडात वाकून तळही पाहू द्या, आणि हे पाणी पूर्वी कुठून, कोण आणायचं, ते त्यांना सांगा. मग सुट्टीत गावी आल्यावर आपल्या गावच्या आडात डोकावून पाहायला त्यांना न्या. तो बुजलेला दिसला, तर कामाला तिथूनच सुरुवात करता येईल.