फळीवरचा पैसा घरात कोणाचा?

मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तेंदूचा हंगाम लागला की गावं पहाटेच रानात जातात. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, दुपारी सावलीला बसून 70-70 पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, द्यायचे. तोडायला नवरा-बायको दोघंही, बांधायला म्हातारी आणि सुट्टीतली पोरंही. मुन्शी पुडे मोजून कार्डावर आकडा चढवतो. कष्ट साऱ्या घराचे, पण कार्डावर नाव एकाचंच. मग त्या पैशावर शब्द कोणाचा चालतो?

अर्थशास्त्राने हा प्रश्न बराच काळ विचारलाच नव्हता. लग्न, मुलं, घरकाम हे विषय अर्थशास्त्रात आणणाऱ्या गॅरी बेकर यांना 1992 मध्ये नोबेल मिळालं. मात्र त्यांच्या मांडणीत घर एकाच मनाने चालायचं. पैसा कोणाच्याही हाती पडो, खर्च तोच. 1980च्या दशकात काही अर्थतज्ज्ञांनी याला छेद दिला. घरात वाटाघाटी चालतात आणि बोलणी फिसकटली तर ज्याचं अडत नाही, त्याचं पारडं जड राहतं, असं त्यांचं म्हणणं.

याचा पडताळाही मिळाला. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सवलत वडिलांच्या करातून काढून आईच्या हाती रोख देण्यात आली. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायका-मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला, असं 1997 च्या अभ्यासात आढळलं. दक्षिण आफ्रिकेत आजीला पेन्शन मिळू लागल्यावर नातींची वाढ सुधारली. आजोबांच्या पेन्शनचा तसा परिणाम दिसला नाही, असं एस्थर डफ्लो यांनी 2003 मध्ये दाखवलं.

बीना अगरवाल यांनी 1997 मध्ये आणखी एक मुद्दा जोडला. घरातली बाईची ताकद घराबाहेरही ठरते: जमिनीवरच्या हक्काने, गावाच्या रीतीने, सरकारच्या कायद्याने. गडचिरोली-चंद्रपूरमधलं दारूबंदीचं आंदोलन या नजरेने पाहण्यासारखं आहे. मजुरी गुत्त्यावर जाते हे प्रत्येकीला ठाऊक होतं, पण एकटीने नवऱ्याला अडवणं कठीण. मग बायकांनी घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलं. लोकांच्या रेट्यामुळे गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून तिथेही बंदी आली. 2021 मध्ये ती उठवताना सरकारने अवैध दारूचं कारण पुढे केलं. कायदा बाईच्या मागे उभा राहतो, पण तो जेवढा पाळला जातो तेवढाच.

दुसरी वाट ग्रामसभेची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःचा बांबू विकू लागलं. इथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. त्यामुळे सभेत बसलेल्या बाईचा नकारही विषय थांबवू शकतो. चुलीपाशी जे बोलता येत नाही, ते गावासमोर बोलायला जागा मिळते. तरी ग्रामसभेची कमाई घरात पोचली की वाटणीचा प्रश्न पुन्हा तोच.

राज्य सरकार 2024 पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र बाईच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये जमा करतं. या रकमेचा खरा परिणाम मोजायचा तर खात्यांची संख्या पुरणार नाही. पैसे काढायला बँकेत कोण जातं, त्यातून काय घ्यायचं हे कोण ठरवतं आणि ती नाही म्हणाली तर काय होतं, हेही पाहणीत विचारावं लागेल. तेही तिला, आणि घरातलं दुसरं कोणी जवळ बसलेलं नसताना.